मोडीस निघालेलें रक्त

गृहारोग्य-विचार

जुन्या वाड्यांतून दिवाळीच्या आधीं माळा झाडीत, तेव्हां तांब्या-पितळेचीं भांडीं वर्षांतून एकदां उजेडांत येत. कोणाची कल्हई उडालेली, कोणाच्या कांठास चीर गेलेली, कोणाचें बूड पातळ झालेलें. घरांतील वडील बाई एकेक भांडें हातीं घेत, बोटानें वाजवून पाहत आणि निवाडा देत : हें कल्हईस, हें डाग देण्यास, हें मोडीस. मोडीस गेलेल्या भांड्यावर कोणाचा राग नसे. कासार त्याचें वजन करून घेई, आणि त्याच धातूचें नवें भांडें कोणाच्या तरी घरीं जाई.

आपल्या रक्तांतहि असाच निवाडा अहोरात्र चालूं असतो, आणि तो करणारी संस्था म्हणजे आपली रोगप्रतिकारशक्ति होय. रोगप्रतिकार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाई उभी राहते. बाहेरून जंतु येतात, आंतील पांढऱ्या पेशी त्यांवर तुटून पडतात, ताप चढतो, घाम येऊन उतरतो. हें चित्र खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. या सैन्याच्या नित्याच्या कामाचा मोठा भाग लढाईचा नाहींच. तो आपल्याच घरच्या, थकून गेलेल्या तांबड्या पेशींस निरोप देण्याचा आहे. तें काम कसें होतें, आणि तें बिघडलें असतां घरांत कोणते आजार येतात, याचा विचार या अंकीं करावयाचा आहे.

प्रौढ मनुष्याच्या अंगांत सुमारें पांच लिटर रक्त असतें व त्यांत अदमासें २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशी मध्यें खोलगट अशा तबकडीसारखी असते; आणि ती इतकी सूक्ष्म कीं एका मिलिमीटरांत तिच्यासारख्या सव्वाशेंहून अधिक ओळीनें बसतील. हाडांतील मज्जेंत ती तयार होते आणि रक्तांत उतरण्यापूर्वीं आपलें केंद्रक टाकून देते. केंद्रक म्हणजे पेशीचें दप्तर होय. नवीं प्रथिनें कशीं घडवावीं याचे सारे कागद त्यांत असतात. तें टाकल्यानें हिमोग्लोबिनास जागा अधिक मिळते आणि पेशी लवचिक होते; परंतु एकदां बाहेर पडल्यावर आपली झीज नव्या प्रथिनांनीं भरून काढणें तिला साधत नाहीं. बरोबर आणलेल्या शिदोरीवरच तिला सारी यात्रा करावयाची असते, आणि ही यात्रा लहान नव्हे. एका मिनिटांत साधारण एक फेरी धरली तर १२० दिवसांत सुमारें पावणेदोन लाख वेळां ती हृदयांतून जाते, आणि प्रत्येक फेरींत आपल्याहून अरुंद अशा केशवाहिन्यांतून अंग चोरून बाहेर पडते.

१२० दिवसांचा हा आंकडा कोणीं आणि कसा मोजला, हें जाणण्यासारखें आहे. १९१९ सालीं अमेरिकेंत विनिफ्रेड ॲश्बी या संशोधिकेनें एक साधी युक्ति योजिली. ‘ए’ गटाच्या रोग्यास ‘ओ’ गटाचें रक्त दिलें, कीं पुढें त्याच्या रक्ताच्या थेंबांत विशिष्ट रक्तरस मिसळून त्याच्या स्वतःच्या पेशींच्या गुठळ्या करतां येतात. सुट्या राहतात त्या पाहुण्या पेशी. त्या मोजल्या म्हणजे किती दिवस किती टिकल्या हें कळतें. त्यानंतर १९४६ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत डेव्हिड शेमिन व रिटेनबर्ग या दोघांनीं याहून सूक्ष्म मार्ग काढला. नेहमींच्या नायट्रोजनाहून किंचित् जड असा नायट्रोजन घालून त्यांनीं ग्लायसीन नांवाचें द्रव्य तयार केलें, आणि शेमिन यांनीं स्वतः तीन दिवसांत तें ६६ ग्रॅम सेवन केलें. त्या दिवसांत जन्मलेल्या पेशींच्या हिमोग्लोबिनांत ती जड खूण बसली. मग महिनोन् महिने रक्त तपासून त्यांनीं पेशींचें सरासरी आयुष्य १२७ दिवस ठरविलें.

या प्रयोगाचें खरें महत्त्व आंकड्याहून मोठें आहे. पेशी जर वाटेल त्या वयांत, केवळ अपघातानें मरत असत्या, तर ती खूण पहिल्या आठवड्यापासूनच उतरूं लागली असती. तसें झालें नाहीं. ती पुष्कळ दिवस जवळजवळ तशीच राहिली आणि तीन-साडेतीन महिन्यांनंतर झपाट्यानें उतरली. याचा अर्थ असा कीं, शरीर कोवळ्या पेशींस सोडतें आणि म्हाताऱ्या पेशींस निवडून काढतें. हिशेबानें पाहतां दर सेकंदास सुमारें चोवीस लाख पेशी अशा निवडल्या जातात आणि तितक्याच नव्या रक्तांत येतात. पेशीच्या अंगावर जन्मतिथि तर लिहिलेली नसते. मग पंचवीस लाख कोटींच्या या गर्दींत म्हातारी कोणती, हें ओळखावें कसें?

ओळखण्याच्या खुणा अनेक आहेत. पहिली खूण आकाराची. वयोमानानें पेशी आपल्या आवरणाचे बारीक बारीक तुकडे गाळीत जाते. त्यामुळें ती आखडते, घट्ट होते आणि तिची लवचिकता जाते. दुसरी खूण अंतरंगांतील. जन्मभर प्राणवायु वाहून नेणाऱ्या पेशीस त्याच प्राणवायूचा दाह सोसावा लागतो. बिघडलेलें हिमोग्लोबिन आवरणास आंतून चिकटतें, आणि त्यामुळें आवरणांतील ‘बँड ३’ नांवाचीं प्रथिनें, जीं तरुणपणीं विखुरलेलीं असतात, तीं ठिकठिकाणीं गोळा होतात. हे पुंजके बाहेरूनहि जाणवतात. तिसरी खूण आवरणाच्या स्निग्ध पदार्थांतील. फॉस्फेटिडिलसेरीन नांवाचें द्रव्य निरोगी पेशींत आवरणाच्या आंतल्या बाजूस झांकलेलें असतें. जर्जर पेशींत तें बाहेर डोकावूं लागतें. चौथी खूण कांहीं असण्याची नसून नसण्याची आहे. प्रत्येक तरुण पेशीवर ‘सीडी ४७’ नांवाचें प्रथिन असतें. तें भक्षकपेशींस जणूं सांगतें, कीं मी घरचीच आहें, मला हात लावूं नका. उंदरांवरील प्रयोगांत २००० सालीं असें दिसून आलें, कीं हें प्रथिन नसलेल्या पेशी अंगांत सोडल्या तर त्या थोडक्याच काळांत फस्त होतात. वृद्ध पेशीवर ही संरक्षक खूण दुबळी होते.

आतां या खुणा वाचणारे कोण, तें पाहूं. डॉक्टर ज्यांस अँटीबॉडी म्हणतात, तीं प्रतिद्रव्यें सर्वांच्या ऐकिवांत आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मन पंडित पॉल एर्लिख यांनीं असें प्रतिपादिलें होतें, कीं शरीरास स्वतःविरुद्ध प्रतिद्रव्यें निर्माण करण्याचा जणूं तिटकाराच आहे. तें तत्त्व स्थूलमानानें खरें असलें तरी त्यास एक सौम्य अपवाद आहे. निरोगी माणसाच्या रक्तांत, कोणताहि रोग नसतांना, आपल्याच जीर्ण पेशींस ओळखणारीं थोडीं नैसर्गिक प्रतिद्रव्यें असतात. १९७५ सालीं अमेरिकेंत मार्गेरीट के या संशोधिकेनें तरुण व वृद्ध पेशी घनतेवरून वेगळ्या केल्या आणि दाखवून दिलें, कीं हीं प्रतिद्रव्यें वृद्ध पेशींवर बसतात आणि तीं बसलेल्या पेशी भक्षकपेशी गिळतात. तरुण पेशींस त्या शिवत नाहींत. बँड ३ चे जे पुंजके वर सांगितले, ते या प्रतिद्रव्यांचें बसण्याचें ठिकाण होय. या सर्व खुणांत प्रमुख कोणती, याविषयीं शास्त्रज्ञांचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. परंतु एकाच खुणेवर नव्हे तर अनेकींच्या बेरजेवर निकाल लागतो, हें बहुतेकांस मान्य आहे. निवाडा सावध असावा, अशीच ही योजना आहे.

निवाड्याचें मुख्य स्थान म्हणजे प्लीहा. घरगुती भाषेंत हिलाच पाणथरी म्हणतात. पोटांत डाव्या बाजूस, बरगड्यांच्या आड ती असते, आणि निरोगी माणसांत हातास लागत नाहीं. तिच्यांत रक्तास अतिशय अरुंद फटींतून जावें लागतें. तरुण पेशी अंग दुमडून पार होते. ताठर झालेली अडकते. तेथेंच भक्षकपेशी बसलेल्या असतात. कांहीं भाग यकृतांतील भक्षकपेशीहि उरकतात. चरक व सुश्रुत यांनीं रक्त वाहणाऱ्या स्रोतसांचें मूळ यकृत आणि प्लीहा यांत सांगितलें आहे, हें या ठिकाणीं संस्कृतज्ञ वाचकांस आठवेल. आजच्या शास्त्राप्रमाणें प्रौढाचें रक्त मज्जेंत बनतें. गर्भावस्थेंत मात्र तें यकृतांत व थोडेंबहुत प्लीहेंतहि बनतें, आणि जन्मभर त्याचा शेवट मुख्यतः याच दोन ठिकाणीं होतो. एवढ्यावरून पूर्वजांस सारेंच ठाऊक होतें असें म्हणणें हा त्यांचा गौरव नव्हे. परंतु रक्ताचा संबंध या दोन अवयवांशीं जोडण्यांत त्यांची दृष्टि चुकली नव्हती, इतकें खास.

भक्षकपेशीनें पेशी गिळली म्हणजे मोडीचें काम सुरू होतें. हिमोग्लोबिनांतील प्रथिनाचे घटक सुटे होऊन पुन्हां वापरांत येतात. लोह काढून घेतलें जातें, आणि तें वाहून नेणाऱ्या प्रथिनावर बसून पुन्हां मज्जेकडे रवाना होतें. या मार्गानें दररोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत मिळतें. उलट अन्नांतून शरीर दिवसाकांठीं एक ते दोन मिलिग्रॅमच शोषून घेतें. म्हणजे आज आपल्या मज्जेंत जें रक्त घडत आहे, त्यांतील बहुतेक सर्व लोह कालच्या जुन्या पेशींचेंच आहे. उरला रंग. तो आधीं हिरवा होतो, मग पिवळा. हा पिवळा पदार्थ म्हणजे बिलिरुबिन. तो यकृतांतून पित्तांत उतरतो आणि मळास त्याचा नेहमींचा रंग देतो. ज्यास ही रसायनविद्या डोळ्यांनीं पाहावयाची असेल त्यानें मुका मार लागलेली जागा आठवडाभर पाहावी. काळेंनिळें, मग हिरवट, मग पिवळट असे रंग तेथें क्रमानें उमटतात, ते कातडीखालीं सांडलेल्या रक्ताची हीच मोड चालल्यामुळें.

या सर्व व्यवहारांत विशेष लक्षांत घ्यावयाचें तें हें, कीं येथें ताप नाहीं, सूज नाहीं, ठणका नाहीं. जंतु गिळतांना हीच भक्षकपेशी आरोळी ठोकते आणि इतरांस जमवते. स्वकीय जीर्ण पेशी गिळतांना उलट ती दाह शमविणारीं द्रव्यें सोडते. हत्यारें तींच, हातहि तेच. परंतु शत्रूशीं वागण्याची रीति वेगळी आणि आपल्या वृद्धास निरोप देण्याची वेगळी. रोगप्रतिकाराचें खरें शहाणपण मारण्यांत नसून हा भेद ओळखण्यांत आहे. आणि तांबड्या रक्ताचे अनेक आजार हा भेद चुकल्यानें किंवा पेशीच अकालीं जीर्ण झाल्यानें उद्भवतात.

पहिला प्रकार परक्या रक्ताचा. त्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलेंच आहे. १९५२ सालीं मुंबईंत डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांना असे लोक आढळले, कीं ज्यांच्या पेशींवर ए व बी यांच्या खुणा तर नव्हत्याच, पण ‘ओ’ गटाच्या पेशींवर असणारी ‘एच’ ही मूळ खूणहि नव्हती. इंग्रज संशोधकांच्या साहाय्यानें हा शोध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि तो गट जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. भारतांत साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो. नेहमींच्या तपासणींत तो ‘ओ’ भासतो. परंतु त्यास ‘ओ’ रक्त दिलें तर त्याचीं प्रतिद्रव्यें एच खुणेवर तुटून पडतात, पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, लघवी लाल-काळी होते आणि मूत्रपिंडें धोक्यांत येतात. वर वर्णिलेला शांत निरोप आणि हा संहार यांत केवढें अंतर! रक्तपेढींत दात्याचें व रोग्याचें रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहण्यास वेळ लागतो, तेव्हां नातेवाईक उतावीळ होतात. त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत धरावें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९५७ सालीं मुंबईंत रक्तगटांच्या तपासणीसाठीं जें केंद्र काढलें, तेंच आज परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत रक्त व रोगप्रतिकार यांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था म्हणून काम करीत आहे.

रक्त नीट जुळलें तरी वयाचा प्रश्न सुटत नाहीं. पिशवींतील रक्त २ ते ६ अंश उष्णतामानांत ठेवतात. तें मिसळलेल्या द्रावणाप्रमाणें ३५ किंवा ४२ दिवस चालतें. थंडींत पेशी मरत नाहींत, पण म्हाताऱ्या होतात. म्हणून असा दंडक आहे, कीं मुदतीच्या शेवटींहि रोग्याच्या अंगांत गेल्यावर चोवीस तासांनीं निदान ७५ टक्के पेशी टिकल्या पाहिजेत. बाकीच्या रोग्याच्या प्लीहेंत व यकृतांत मोडीस निघतात. यावरून सांठविलेल्या रक्तावर भिस्त ठेवून भागत नाहीं, ताजे दाते सदैव लागतात, हें उघड होतें. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत १९५६ सालापासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत, ज्यास आम्ही सारे घाटी म्हणतों, मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येतात. तेथील रक्तपेढीस काय किंवा दत्ताजी भाले रक्तपेढीस काय, उन्हाळ्याच्या सुटींतहि रक्त लागतेंच. रक्तदानास कचरणाऱ्या घरांतील मंडळींनीं एवढेंच मनांत आणावें, कीं आपण दिलेल्या ३५० मिलिलिटर रक्तांतील प्रत्येक पेशी चार महिन्यांच्या आंत-बाहेर आपल्याच प्लीहेंत मोडणार होती. पेशी दिल्यानें आपलें कांहीं कायमचें जात नाहीं. जातें तें लोह, आणि तें भरून येण्यास अवधि लागतो. म्हणूनच पुरुषांनीं ९० दिवसांनीं व स्त्रियांनीं १२० दिवसांनीं पुन्हां रक्त द्यावें, असा नियम आहे.

दुसरा प्रकार स्वकीयांस परकें मानण्याचा. कधीं कधीं प्रतिद्रव्यें आपल्याच धडधाकट पेशींवर बसतात, आणि प्लीहा त्यांस वृद्ध समजून गिळूं लागते. पंचविशीच्या स्त्रीस अकस्मात् थकवा येतो, डोळे पिवळट होतात, धाप लागते. १९४५ सालीं केंब्रिज येथें कूम्ब्ज, मूरंट व रेस यांनीं पेशीवर बसलेलीं अशीं प्रतिद्रव्यें हुडकण्याची कसोटी काढली. आजहि ती कूम्ब्ज यांच्याच नांवानें चालते आणि निदान घडवून देते. याच वर्गांत माता व बालक यांच्या रक्ताचा प्रश्न येतो. आई आर-एच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीच्या वेळीं बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तांत जातात, आणि तिचें शरीर त्यांच्याशीं वैर शिकतें. पहिलें बाळ बहुधा सुखरूप असतें. पुढील बाळाच्या पेशींवर मात्र आईचीं प्रतिद्रव्यें वार पार करून हल्ला करतात. यावरचा उपाय मोठा मार्मिक आहे. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आंत आईस तयार प्रतिद्रव्याची, म्हणजे अँटी-डीची, सुई देतात. तें प्रतिद्रव्य बाळाच्या त्या चुकार पेशींस लागून त्यांची मुकाट्यानें विल्हेवाट लावतें, आणि आईचें शरीर वैर शिकण्यापूर्वींच प्रकरण मिटतें. शांत निरोपाचीच रीति येथें माणसानें हेतुपुरस्सर वापरली आहे. ज्या घरांत सून निगेटिव्ह गटाची असेल, तेथें ही सुई सातव्या महिन्यांत आणि प्रसूतीनंतर केव्हां द्यावयाची, हें डॉक्टरांस विचारून आधींच टिपून ठेवावें.

तिसरा प्रकार सर्वांत दुःखाचा. तो म्हणजे पेशीच अकालीं जीर्ण होण्याचा. नागपूर येथें डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनीं मध्य भारतांतील सिकल-सेल विकाराचा वृत्तांत १९५८ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केला. या विकारांत हिमोग्लोबिनाचा एकच घटक वेगळा असतो. परंतु तेवढ्यानें प्राणवायु सोडल्यावर पेशी कोयत्यासारखी वांकडी होते. पुनःपुन्हां वांकून ती दोन-तीन आठवड्यांतच अशी झिजते, कीं चार महिन्यांच्या पेशीच्या साऱ्या खुणा तिच्या अंगावर उमटतात : बँड ३ चे पुंजके, प्रतिद्रव्यें, बाहेर आलेलें फॉस्फेटिडिलसेरीन. भक्षकपेशी आपलें काम चोख करतात. पण १२० दिवसांचें काम १० ते २० दिवसांत उरकावें लागल्यावर मज्जेनें तरी किती घडवावें? वांकड्या पेशींनीं सूक्ष्म वाहिन्या तुंबतात, हाडें ठणकतात, आणि पुष्कळ मुलांत प्लीहा स्वतःच निकामी होते. प्लीहा गेली म्हणजे न्यूमोनियासारख्या जंतूंपासूनचें संरक्षणहि जातें. म्हणून या मुलांस लशी वेळेवर देणें अत्यावश्यक असतें. हायड्रॉक्सियुरिया नांवाच्या औषधानें वेदनांचे झटके कमी होतात.

विदर्भांत, गडचिरोलीच्या जंगलांत, नंदुरबारकडील सातपुड्यांत हा विकार ठिकठिकाणीं आहे, आणि १ जुलै २०२३ रोजीं त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. हा विकार दुसऱ्या कोणाचा, आपल्या जातींत नसतो, असें समजून स्वस्थ बसणें शहाणपणाचें नव्हे. सिकल-सेल नसला तरी थॅलेसीमियासारखे त्याचे सगेसोयरे अनेक समाजांत आढळतात. आई व बाप दोघेहि एकाच विकाराचे वाहक असले तर प्रत्येक अपत्यास तो जडण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः मात्र बहुधा निरोगी दिसतो. लग्न ठरवितांना आपण नाडी व गण पाहतों, त्याबरोबर वधूवरांच्या हिमोग्लोबिनाची एक तपासणी करून घेतली, तर कुळास कमीपणा येत नाहीं, आणि एखाद्या बालकाचें आयुष्यभराचें दुःख टळतें.

आतां प्रत्येक घरीं येणाऱ्या दोन गोष्टी सांगून हा विषय आवरतों. नवजात बालकाच्या पेशी संख्येनें अधिक आणि आयुष्यानें उण्या, साधारण ६० ते ९० दिवसांच्या, असतात. आणि त्याचें यकृत अजून पिवळा पदार्थ बाहेर टाकण्यास सरावलेलें नसतें. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं बाळ किंचित् पिवळें दिसतें व बहुधा आपोआप बरें होतें. इंग्लंडांतील रॉचफर्ड येथील रुग्णालयांत एका परिचारिकेच्या लक्षांत आलें, कीं उन्हांत ठेवलेल्या बाळाच्या उघड्या अंगाचा पिवळेपणा उतरतो. त्यावरून तेथील डॉक्टरांनीं १९५८ सालीं प्रकाशोपचाराची पद्धति प्रसिद्ध केली. आजींच्या कोवळ्या उन्हास हा आधार आहे खरा, परंतु उन्हाचें प्रमाण मोजतां येत नाहीं. कावीळ पहिल्या चोवीस तासांतच दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ मलूल होऊन दूध ओढीनासें झालें, तर उन्हाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. फार वाढलेलें बिलिरुबिन मेंदूस कायमची इजा करतें.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. तीन महिन्यांच्या साखरेची जी तपासणी हल्लीं घरोघरीं चालते, ती म्हणजे हिमोग्लोबिनावर किती साखर चढली याचें मोजमाप. पेशी चार महिने जगते, म्हणून तो आंकडा दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब सांगतो. पण ज्याच्या पेशी अकालीं मोडतात, त्यावर साखर चढण्यास वेळच मिळत नाहीं. आंकडा चांगला येतो आणि साखर मात्र वाढलेलीच असते. उलट लोहाच्या उणिवेंत तो आंकडा खऱ्याहून चढा दिसूं शकतो. म्हणून मधुमेही माणसास रक्ताचा दुसरा कांहीं विकार असेल तर तो डॉक्टरांस आवर्जून सांगावा.

या सर्वांतून गृहिणीनें व गृहस्थानें घ्यावयाचें सार एकच आहे. मुलगी पांढुरकी दिसली, जिना चढतांना दमली, कीं आपण म्हणतों, अंगांत रक्त नाहीं. आणि लोहाच्या गोळ्या आणतों. आपल्या देशांत लोहाची उणीव फार मोठी आहे, आणि गर्भिणीनें डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या टाळणें सर्वथा अयोग्य होय. परंतु पांढुरकेपणा हें लक्षण आहे, निदान नव्हे. रक्त तीन कारणांनीं उणें पडतें : तें कमी बनतें, वाहून जातें, किंवा वेळेआधींच मोडतें. वेळेआधीं मोडत असेल तर लोह अंगाबाहेर जात नाहीं, तें आंतच सांठतें; आणि ज्या मुलास वारंवार रक्त द्यावें लागतें त्याच्या हृदयांत व यकृतांत तें सांठून घातक ठरतें. अशा मुलास घरच्या मतानें लोह चारणें म्हणजे मायेनें विष देणेंच होय. म्हणून दोन-तीन महिने गोळ्या घेऊनहि तेज येत नसेल, डोळे पिवळसर असतील, लघवी गडद होत असेल, पोटांत डाव्या बाजूस जडपणा असेल किंवा घराण्यांत कोणास असा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांपुढें केवळ “रक्त कमी आहे” एवढें सांगून थांबूं नये. तें कां कमी आहे, आणि बनलेलें रक्त आपलें पुरतें आयुष्य जगतें कीं नाहीं, हा प्रश्न स्पष्टपणें विचारावा. त्याचें उत्तर देणाऱ्या साध्या तपासण्या आज जिल्ह्याच्या ठिकाणीं होतात; त्या वेळेवर करून घेणें तेवढें आपल्या हातीं आहे.